स्टोरेज फुल झालं म्हणून काय काय पुसायचं?

गेल्या दोनेक वर्षांत आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता असेल? लग्न कधी, बाळाचं नाव काय ठेवलं, कांद्याला काय भाव निघाला... यातला एकही नाही. प्रश्न असा की, "स्टोरेज फुल दाखवतंय, काय करू?" पुण्याची चुलत बहीण विचारते, नाशिकचा मामेभाऊ विचारतो, न्यू जर्सीची वहिनी विचारते (तिचा आयफोन, त्यामुळे ५ जीबीतच खेळ खलास). आणि इथे चांदवडला आमच्या मोठ्या आत्याच्या फोनवरही तीच सूचना. उत्तरंही आता पाठ झाली आहेत. एक गट म्हणतो, पैसे भरून टाका, महिन्याला दीडशेच्या आत तर काम होतं. दुसरा गट म्हणतो, गुड मॉर्निंग उडवा. आणि तिसरा, म्हणजे वयाने विशीतला, म्हणतो, "द्या इकडे, दोन मिनिटांत साफ करून देतो."

माझं भांडण या तिसऱ्याशी आहे. थोडं पहिल्याशीही आहे, ते पुढे येईलच.

ज्यांना एवढं लांबलचक वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकते. जागा कमी पडली हे मला वाईट वाटत नाही. निवड कधीतरी करायलाच हवी होती, ती आता करावी लागतेय इतकंच. पण ती निवड एमबी बघून करायची नाही, यंत्राने काढून दिलेल्या यादीवरून करायची नाही, आणि फोटोतली माणसं ज्याला ओळखू येत नाहीत त्याने तर अजिबात करायची नाही. फोन ज्याचा आहे त्याला शेजारी बसवल्याशिवाय एक फोटोसुद्धा पुसू नये, या मताची मी झाले आहे.

आता आपण इथवर आलो कसे ते बघा. जुन्या ब्लॉगर मंडळींना आठवत असेल, १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागा मिळणार हे ऐकून लोकांना एप्रिल फूलच वाटलं होतं. एकेका इन्व्हाइटसाठी काय आर्जवं करायचो! २०१३ मध्ये मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी झालं. मग मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं आणि 'हाय क्वालिटी'त ठेवणार असाल तर हवे तेवढे फोटो फुकट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, तर डेटाही फुकट. म्हणजे कोठारही फुकट आणि तिथवर जायची गाडीही फुकट! ज्या घरांत ३६ फोटोंचा एक रोल दिवाळी ते उन्हाळ्याची सुट्टी असा पुरवून वापरला जायचा, शेवटचे दोन फोटो 'राहू दे, कोणी पाहुणे आले तर' म्हणून राखून ठेवले जायचे, त्या घरांत एका वाढदिवसाचे दोनशे फोटो निघू लागले. कोणी मोजत नव्हतं. मोजायचं कशाला?

११ नोव्हेंबर २०२० ला गूगलने जाहीर केलं की १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक नवा फोटो त्या १५ जीबीत धरला जाईल. त्याच घोषणेत त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्याकडे तेव्हा ४ लाख कोटींहून जास्त फोटो साठलेले होते आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नव्याने येत होते. आणि असंही, की ८० टक्क्यांहून जास्त लोकांना ही जागा आणखी साधारण तीन वर्षं पुरेल. करा हिशेब. २०२१ अधिक तीन म्हणजे २०२४. त्यात भर म्हणून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप, जो तोवर हिशेबाबाहेर होता, तोही २०२४ पासून त्याच १५ जीबीत मोजायला लागले. त्यामुळे आमच्या ग्रुपवर सगळ्यांची भांडी एकदमच भरली यात नवल काही नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. १ जून २०२१ च्या आधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो आजही मोजणीत येत नाहीत. म्हणजे ते पुसून जागा होतच नाही. आमच्या एका काकांनी २०१८ च्या चारधाम यात्रेचे साडेतीनशे फोटो मन घट्ट करून पुसले आणि स्टोरेजचा आकडा जागचा हललासुद्धा नाही. केदारनाथ गेले ते गेलेच.

असो. आता मोठ्या आत्याची गोष्ट. (तिला विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझा फोटो टाकू नको" म्हणाली.)

आत्या गावाबाहेर मळ्यात राहते. आमचे नाना, म्हणजे तिचे यजमान, जाऊन आता काही काळ झाला. आत्याचा फोन साधाच, त्यात सूचना यायची, ती बाजूला सारायची. मेल ती बघत नाही, त्यामुळे जागा भरल्यावर मेल यायचे बंद होतात हेही कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सुट्टीत तिचा नातू आला. पोरगं गुणी आहे, मदतीला तत्पर. त्याने फोन घेतला, साफसफाईची तयार यादी उघडली, सगळ्यावर टिक केलं आणि ठीक आहे दाबलं. पाच जीबी मोकळी झाली. ग्रुपवर त्याचं कौतुक झालं, अंगठे उठले.

अडीच महिन्यांनी नानांचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर आत्या नातवाला म्हणाली, "अरे, ते नाना चाळीत कांद्याचं बोलत होते ना, ते लाव बरं जरा."

ते नव्हतं. नऊ मिनिटांचा व्हिडिओ, सव्वा जीबीच्या आसपासचा, म्हणजे यादीत सगळ्यात वर. कचरापेटीची मुदत कधीच उलटून गेली होती. पोरगं रडवेलं झालं. आत्या त्याला काही बोलली नाही. "जाऊ दे, मला पाठ आहे ते" एवढं म्हणून आत गेली.

त्या व्हिडिओत काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण मी तो दोन-तीनदा पाहिला होता. नाना नव्या मजुरांना चाळ कशी भरायची ते सांगत होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो आणि भावाची वाट बघत चाळीत पडून राहतो, कधी कधी पार दिवाळीपर्यंत. खालून-बाजूने हवा खेळती पाहिजे, थर फार उंच नको, ओला माल आत जाता कामा नये, असं बरंच असतं. कॅमेरा हलतोय, मागे ट्रॅक्टर सुरू आहे, मध्येच कोणाचं तरी लेकरू आडवं येतंय. बघणाऱ्या परक्या माणसाला वाटेल, हे कशाला ठेवलंय?

शोधाशोध केली तेव्हा न्यू जर्सीच्या वहिनीकडे त्यातला दोन मिनिटांचा तुकडा सापडला. कोणीतरी ग्रुपवर टाकताना कापून टाकलेला, चित्र धुरकट झालेलं. पण आवाज नानांचा स्वच्छ आहे. त्यात ते सांगतायत की सडका कांदा नुसता बघून कळत नाही, हातात घ्यावा लागतो, नाकाला लावावा लागतो. उरलेली सात मिनिटं आता फक्त आत्याच्या डोक्यात आहेत.

या प्रकारानंतर मी त्या तयार याद्यांकडे नीट बघायला लागले. फोटो ठेवणाऱ्या जवळजवळ सगळ्याच ॲपमध्ये त्या असतात आणि त्यांचे कप्पेही साधारण तेच. मोठे व्हिडिओ, अस्पष्ट फोटो, स्क्रीनशॉट. यंत्राच्या दृष्टीने हा कचरा. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, आमच्या आत्याच्या फोनमध्ये खरा ऐवज नेमका याच तीन कप्प्यांत होता. मोठ्या व्हिडिओचं वर सांगितलंच.

अस्पष्टच्या कप्प्यात काय होतं? एका जुन्या छापील फोटोचा फोनवर काढलेला फोटो. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन इथे चांदवडला भरलं होतं, शरद जोशी असतानाचं. लाखाच्या घरात बायका आल्या होत्या असं सांगतात. गावाच्या मानाने केवढी ती गर्दी! आत्या तेव्हा नवी नवरी, सासूबरोबर गेली होती. पुढे त्याच विचारातून लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायची. त्या अधिवेशनातला, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांच्या ओळीचा एक फोटो कोणाच्या तरी घरी होता, तो आत्याने कधीतरी त्यांच्या भिंतीवरून फोनमध्ये घेतला. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप आलेली, चेहरे पुसट. आत्याला त्यात स्वतःची सासू ओळखू येते. दुसऱ्या कोणाला येणार नाही, यंत्राला तर नाहीच. हा फोटो वाचला तो निव्वळ योगायोगाने. आत्याने तो आधी माझ्याकडे पाठवून ठेवला होता.

आणि तिसरा कप्पा, स्क्रीनशॉट आणि कागदांचे फोटो. शहरातल्या माणसाचे स्क्रीनशॉट म्हणजे पिझ्झाच्या ऑफर आणि कोणाशी तरी झालेल्या भांडणाचे पुरावे :-) शेतकऱ्याच्या घरात तसं नसतं. बाजार समितीतल्या काटापट्ट्या, खतांची बिलं, पासबुकाचं पान, सातबारा, ई-पीक पाहणीत नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट. ही पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस नि गारपीट झाली, तेव्हा लोकांनी आधी फोन काढले आणि मग कपाळाला हात लावला. पंचनामा करणारा माणूस येईपर्यंत तो फोटोच काय तो साक्षीदार. असल्या फोटोंना सौंदर्य नसतं आणि वयही थोडंच असतं. काम झालं की खुशाल काढा. पण काम झालं की नाही हे कोणाला माहीत? ज्याचं शेत आहे त्याला. दोन मिनिटांत साफ करून देणाऱ्याला नव्हे.

कागदांबद्दल एक उपाय मात्र करता येतो, म्हणजे गॅलरीवरचा हा भार कमी होतो. सातबाऱ्याचा जुना फोटो जपून ठेवण्यात अर्थ नाही, डिजिटल सहीचा ताजा उतारा महाभूलेखवर १५ रुपयांत मिळतो. आधार, लायसन्स वगैरे डिजिलॉकरमध्ये टाकून द्यावं. राहतात त्या हाताने लिहिलेल्या पावत्या. त्यांची एक वही करा, खरीखुरी कागदाची, आणि चिकटवा. हसू नका, आत्याकडे अशी वही आहे आणि तिला ती अंधारातही सापडते.

आता गुड मॉर्निंगवाल्यांना दोन शब्द. त्या बिचाऱ्या गुलाबांना आपण उगाच बदनाम करतो. असं एक चित्र शंभर-दोनशे केबीचं. रोज पाच आली तरी वर्षाकाठी पाव जीबीच्या जरा वर. उलट नव्या फोनवर फोर-केमध्ये काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ साडेतीनशे एमबीपर्यंत जातो. म्हणजे काकांनी वर्षभर पाठवलेल्या शुभ सकाळी एकीकडे आणि पुतण्याने एका मिनिटात टिपलेला डीजेसमोरचा नाच दुसरीकडे, तर नाच जड. जागा खरी कोण खातं, तर न बघितलेले फॉरवर्ड व्हिडिओ, आणि एकाच लग्नाचे तेच सहाशे फोटो जे चार जणांनी चार ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांच्या फोनमध्ये आपोआप उतरले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कोणत्या ग्रुपने किती जागा घेतली ते दिसतं, तिथून सुरुवात करा. आपोआप उतरवणं बंद करा. बॅकअपमध्ये व्हिडिओ धरू नका. कॅमेरा फोर-केवरून १०८० वर आणा, घरच्या टीव्हीवर फरक कळत नाही. आणि हो, रंगमहालासमोर उभं राहून काढलेल्या फोटोंबद्दल मात्र मी निर्दय आहे. अहिल्याबाईंच्या त्या वाड्याचे फोटो जगाकडे आहेत, तुमच्या मावसभावाचे चाळीस ठेवायची गरज नाही. एक ठेवा, ज्यात डोळे उघडे असतील असा.

आणखी एक घोळ ग्रुपवर वारंवार होतो. "मी क्लाउडवरनं काढले, फोनमध्ये राहतील ना?" नाही राहत! गूगल फोटोजमध्ये नेहमीचं डिलीट दाबलं की फोटो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर 'फ्री अप स्पेस' नावाचं वेगळं बटण आहे, ते वर पोचलेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी काढतं. बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो त्यांच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवसच. आणि ज्याची जागा भरली आहे त्याचा बॅकअप थांबलेला असतो, म्हणजे त्याचे नवे फोटो या ३० दिवसवाल्यांतच येतात.

आता पैसे भरणाऱ्यांकडे वळते. माझा विरोध पैशाला नाही. गावात गोदाम भाड्याने घेतो तसं हेही भाडंच, त्यात कमीपणा काय? न्यू जर्सीच्या दादाने तर सांगितलंय की मी मोठा प्लॅन घेतो, त्यात आणखी पाच जण घेता येतात, आत्यालाही घेऊ. मनाने मोठा आहे आमचा दादा. पण मला विचाराल तर ही सोय असावी, भरवसा नसावा. भाडं दरमहा लागतं, आयुष्यभर लागतं, आणि ते एका माणसाच्या कार्डावर लटकलेलं असतं. कार्डाची मुदत संपली, नोकरी बदलली, काही झालं, की सहाही घरं एका दिवशी मर्यादेबाहेर. आणि मर्यादेबाहेर सलग दोन वर्षं राहिलं तर आतला ऐवज काढून टाकला जाऊ शकतो, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे.

फुकटवाल्यांचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओच्या ग्राहकांना गूगलचा मोठा प्लॅन १८ महिने मोफत जाहीर झाला, त्यात २ टीबी जागा. झालं! ग्रुपवर आनंदीआनंद. आता कशाला निवडत बसायचं? अहो, पण १८ महिने म्हणजे दीड वर्षच ना? १५ जीबीच्या डब्यात बसत नव्हतं म्हणून आपण कुरकुरत होतो, दीड वर्षात त्या मोठ्या हौदात तीनशे जीबी ओतून ठेवू, आणि मग परत त्याच डब्यापाशी येऊन उभे राहू. हे मी भविष्य सांगत नाही, आपण हे पाहिलेलं आहे. फ्लिकरने २०१३ मध्ये १ टीबी फुकट दिली होती, आपल्यातल्या कितीतरी जणांनी भटकंतीचे सगळे फोटो तिथे ठेवले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं, फुकटात फक्त १,००० फोटो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यावरचे आपले अल्बम कोणी कोणी उतरवून घेतले होते? हात वर करा. कंपन्यांना मी दोष देत नाही, दुकान त्यांचं, दर त्यांचा. पण घरच्या माणसांचे फोटो ठेवायची जबाबदारी दुकानदाराची कशी असेल?

मग आम्ही काय केलं ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप आणि केबल घेऊन मळ्यात गेले. पहिलं काम, काहीही न पुसता सगळंच्या सगळं दोन हार्ड डिस्कवर उतरवलं. १ टीबीच्या एका डिस्कमध्ये असे १५ जीबीचे साठाहून जास्त डबे बसतात, म्हणजे अख्खं खानदान त्यात मावतं. एक डिस्क आत्याच्या लोखंडी कपाटात, दुसरी नाशिकला मामेभावाकडे, कारण दोन्ही एका घरात ठेवल्या तर चोर किंवा पाणी दोन्ही एकदमच नेणार. क्लाउडवर जे होतं ते टेकआउट मागवून घेतलं. त्याची लिंक आठवडाभरच चालते, त्यामुळे मागवलं की लगेच उतरवायचं. (त्यात फोटोच्या तारखा वेगळ्या छोट्या फाइलींत येतात, त्या टाकून देऊ नका.) डिस्कही अमर नसते हे मला माहीत आहे. दर चार-पाच वर्षांनी नवी घेऊन त्यावर उतरवावं लागणार. चाळीचे बांबू बदलतोच की.

आणि मग आत्याला शेजारी बसवलं. दोन दुपारी लागल्या. चार हजारांच्या आसपास फोटो होते. मला वाटलं होतं, ती म्हणेल सगळेच ठेव. छे! भराभर काढायला लावले तिने. "हा काढ. हा काढ. हे कोण बाई, काढ." माझ्या मते सुंदर असलेले, डोंगरावरच्या रेणुकामातेच्या देवळातून संध्याकाळी काढलेले फोटो तिने दोनच ठेवले. आणि ठेवलं काय? विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीचा फोटो, कारण दुरुस्तीवाल्याला नंबर लागतो. विकलेल्या गायीचा कानातल्या बिल्ल्यासकट फोटो. नानांचा नुसता पाठमोरा, अर्धा कापलेला, बांधावरून चालतानाचा. एक पूर्ण काळा फोटो होता, चुकून खिशात निघालेला असणार. मी म्हटलं हा तरी काढू? म्हणाली, "थांब, कधीचा आहे?" तारीख बघितली, नाना दवाखान्यात होते त्या आठवड्यातली. "राहू दे."

शेवटी तीनशेच्या जरा वर उरले. त्यातले साठ छापून आणले, बाकीचे खात्यात 'स्टोरेज सेव्हर'मध्ये ठेवले. त्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पर्यंत उतरवतात, घरच्या अल्बमला हवं त्याहून कितीतरी जास्त आहे ते. आत्याचे १५ जीबी आता तिला कित्येक वर्षं पुरतील. पण त्या दोन दुपारींत जागेपेक्षा मोठं काम झालं ते वेगळंच. ती बोलत होती आणि मी प्रत्येक फोटोखाली नावं टाइप करत होते. कोण, कुठलं, कोणाच्या लग्नातलं. ही नावं आणखी दहा वर्षांनी कोणाला विचारणार होतो आपण? बॅकअप बॅकअप म्हणतो, त्यात नावांचा बॅकअप कोणी धरत नाही. चाळीबद्दलची ती उरलेली सात मिनिटंही मी तिच्या तोंडून ऐकून रेकॉर्ड केली. नानांचा आवाज नाही त्यात, पण मध्ये मध्ये ती त्यांच्यासारखी बोलते.

एक काम अजून अर्धवट आहे आणि ते घाईचं आहे. नानांचं स्वतःचं खातं. त्यांचा फोन कपाटात आहे. दोन वर्षं कोणी वापरलं नाही तर अख्खं खातं काढून टाकलं जाऊ शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आलाय. रिचार्ज थांबला की नंबर काही महिन्यांत बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो, मग ओटीपी कोणाकडे जाणार? म्हणून आतेभावाने नंबर चालू ठेवलाय. महिन्यातून एकदा खातं उघडतो आणि थोडं थोडं उतरवून घेतो. बरं वाटत नाही म्हणतो, त्यांच्या पत्रपेटीत डोकावल्यासारखं वाटतं. वाटणारच. म्हणून जे हयात आहेत त्यांनी स्वतःच 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' भरून ठेवावा हे बरं. आपण अमुक महिने फिरकलो नाही तर कोणाला कळवायचं, काय द्यायचं, ते त्यात ठरवता येतं, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. मी माझं भरलंय. ज्यांची नावं घातली आहेत त्यांनी घाबरू नये, तब्येत उत्तम आहे :-)

तर नातेवाईक मंडळी, एक विनंती. २०१९ च्या लग्नातले, २०२२ च्या वास्तुशांतीचे, आणि मुख्य म्हणजे नानांचा आवाज असलेले जे काही तुमच्याकडे असेल ते मला पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर आकार घटतो आणि तारीखही उडते. तुमच्याकडे ते अस्पष्टच्या यादीत आलं असलं तरी पाठवा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये तो नऊ मिनिटांचा अख्खा व्हिडिओ असेल अशी मला अजून आशा आहे. ट्रॅक्टरचा आवाज आहे, सुरुवातीला कोणीतरी "नाना, बोला" म्हणतं. बघा बरं एकदा.